भारोत्तोलनाचा सराव आणि पूरक व्यायाम: नव्याने येणाऱ्यांसाठी

एप्रिल २०२१ मध्ये ताश्कंद येथील आशियाई स्पर्धेत मीराबाई चानू यांनी ४९ किलो वजनगटात क्लीन अँड जर्कमध्ये (बार आधी खांद्यांवर आणि मग डोक्यावर नेण्याच्या उचलीत) ११९ किलो उचलून विश्वविक्रम केला. त्याच दिवशी स्नॅचमध्ये (बार एकाच हालचालीत डोक्यावर नेण्याच्या उचलीत) मात्र त्यांची उचल ८६ किलोंवर थांबली होती. म्हणजे त्यांची स्नॅच क्लीन अँड जर्कच्या ७२ टक्के होती, आणि प्रशिक्षक सर्वसाधारणपणे हे प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास असावे असे मानतात. एका उचलीत जगात सर्वांत पुढे असलेली खेळाडू दुसऱ्या उचलीत मागे राहते, तेव्हा तिच्या अंगात बळ कमी आहे असे कोणी म्हणणार नाही. त्यांच्या खांद्याचे दुखणे जुने होते आणि त्यावर काम करण्यासाठी त्या २०२० च्या अखेरीस अमेरिकेला जाऊनही आल्या होत्या. पुढे टोकियोत त्यांनी ८७ आणि ११५ मिळून २०२ किलोंसह रौप्यपदक मिळवले, हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे.

नव्याने बार हाती घेणाऱ्याने या उदाहरणातून एवढे घ्यावे की, स्नॅच कमी पडते म्हणून रोज आणखी स्नॅच करत राहणे हा पुरेसा उपाय नसतो. उचल नेमकी कोणत्या ठिकाणी कमी पडते हे शोधावे लागते आणि त्या ठिकाणावरच काम करणारा व्यायाम निवडावा लागतो. अशा व्यायामांना पूरक व्यायाम म्हणतात. त्यांची संख्या पन्नासच्या पुढे सहज जाते आणि नवोदिताची खरी अडचण तिथेच सुरू होते, कारण सगळेच व्यायाम उपयोगी दिसतात. या लेखात कोणता व्यायाम कधी आणि का करावा, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोणता सोडून द्यावा, हे पायरीपायरीने सांगण्याचा प्रयत्न केला आहे.

पहिली पायरी: खेळाचे नियम आणि साधने समजून घ्यावीत

१९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकपर्यंत या खेळात तीन उचली होत्या. त्यानंतर प्रेस, म्हणजे बार खांद्यांवरून हातांच्या जोराने डोक्यावर नेण्याची उचल, वगळण्यात आली आणि स्नॅच व क्लीन अँड जर्क या दोनच उरल्या. स्नॅचमध्ये बार जमिनीवरून एकाच अखंड हालचालीत डोक्यावर न्यायचा असतो. क्लीन अँड जर्कमध्ये तो आधी खांद्यांवर घेऊन उभे राहायचे आणि मग तिथून डोक्यावर न्यायचा असतो. प्रत्येक उचलीसाठी तीन प्रयत्न मिळतात आणि दोन्हींतील सर्वोत्तम वजनांच्या बेरजेवर क्रमांक ठरतो. बार डोक्यावर घेताना वाकलेले कोपर दाबून सरळ केले तर उचल बाद होते, आणि क्लीनमध्ये खाली बसताना कोपर मांडीला किंवा गुडघ्याला टेकले तरीही बाद होते. हे नियम पाठ करण्यासाठी सांगितलेले नाहीत. कोपरात वाकलेला हात किंवा खाली पडलेले कोपर हे दोष पुढे पूरक व्यायाम निवडताना पुन्हा समोर येणार आहेत.

पुरुषांचा बार, ज्याला आपल्याकडील व्यायामशाळांत सरळ रॉड म्हणतात, २० किलोंचा आणि २८ मिलिमीटर जाडीचा असतो. महिलांचा १५ किलोंचा आणि २५ मिलिमीटरचा असतो. मोठ्या प्लेटींचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो, त्यामुळे जमिनीवर ठेवलेला बार नेहमी एकाच उंचीवर, म्हणजे साडेबावीस सेंटिमीटरवर असतो. नवोदिताकडून इथे एक चूक हमखास होते. वजन कमी हवे म्हणून तो लहान व्यासाच्या लोखंडी प्लेटी लावतो, बार घोट्यापर्यंत खाली जातो आणि पहिल्याच दिवसापासून कंबर गोल करून उचलण्याची सवय लागते. पूर्ण व्यासाच्या हलक्या प्लेटी नसतील, तर दोन्ही बाजूंच्या प्लेटींखाली लाकडी फळ्या ठेवून बार योग्य उंचीवर आणावा.

दुसरी पायरी: जागा आणि प्रशिक्षक निवडावा

महाराष्ट्रात या खेळाची चांगली परंपरा मोठ्या शहरांपेक्षा लहान गावांच्या व्यायामशाळांत अधिक टिकून आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाड या गावच्या गणेश माळी, ओंकार ओतारी आणि चंद्रकांत माळी या तिघांनी २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत आपापल्या वजनगटात कांस्यपदके मिळवली. सांगलीच्या संकेत सरगर यांनी २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात ११३ आणि १३५ मिळून २४८ किलो उचलून रौप्यपदक मिळवले. सुवर्णपदक त्यांच्यापासून फक्त एका किलोने दूर राहिले. अशी गावे पाहिली की लक्षात येते, तिथे आधी एक जाणता माणूस उभा राहिला आणि साधने त्याच्यामागून आली.

म्हणून जागा निवडताना आधी प्रशिक्षक पाहावा. आपली प्रत्येक उचल बाजूने उभे राहून पाहणारा, वजन वाढवण्याआधी दोनदा विचार करणारा आणि ज्याचे जुने शिष्य अजून दुखापतीविना उचलत आहेत असा माणूस मिळाला, तर बाकीच्या उणिवा चालून जातात. साधनांपैकी दोनच गोष्टींवर तडजोड करू नये. बार खाली टाकता येईल अशी लाकूड आणि रबराची जागा हवी, आणि ज्या भागावर प्लेटी बसतात तो बारचा भाग मोकळा फिरला पाहिजे. तो फिरत नसेल तर बार उलटताना सगळा पीळ मनगटावर आणि कोपरावर येतो.

बुटांबाबत थोडक्यात सांगायचे तर, भारोत्तोलनाचे बूट कडक तळाचे आणि साधारण दोन सेंटिमीटर उंच टाचेचे असतात. सुरुवातीला ते नसले तरी हरकत नाही, पण धावण्याचे मऊ बूट घालून वजन कधीही उचलू नये, कारण दबणाऱ्या तळावर तोल राहत नाही.

तिसरी पायरी: काठीने आणि मोकळ्या बारने अवस्था शिकाव्यात

पहिले चार ते सहा आठवडे वजनाचा विचार मनातून काढून टाकावा. सुरुवात काठीने करावी, मग मोकळा बार घ्यावा आणि जमिनीऐवजी वरून खाली शिकत यावे: आधी मांडीच्या वरच्या भागापासून उचल, मग गुडघ्याच्या वरून, मग गुडघ्याखालून आणि शेवटी जमिनीवरून. या क्रमाने शिकल्यास उचलीचा सर्वांत वेगवान आणि निर्णायक भाग आधी पक्का होतो, आणि जमिनीवरून सुरुवात करेपर्यंत बार कुठे पोहोचवायचा आहे हे शरीराला कळलेले असते.

पकड हुक पद्धतीची असावी, म्हणजे अंगठा आधी बारभोवती गुंडाळावा आणि त्यावर पहिली दोन बोटे दाबावीत. सुरुवातीचे काही आठवडे अंगठा दुखतो. तो दुखतो म्हणून पकड सोडली तर पुढे जड वजनाला बार बोटांतून निसटतो. स्नॅचसाठी हात इतके रुंद ठेवावेत की सरळ उभे राहिल्यावर बार मांडी आणि पोट यांच्या घडीत येईल. क्लीनसाठी हात खांद्यांच्या किंचित बाहेर असावेत.

जमिनीवरून उचलताना पहिल्या टप्प्यात पाठीचा कल बदलू न देता गुडघे मागे सरकतात आणि बार पायांच्या अगदी जवळून वर येतो. बार गुडघ्यांच्या वर आला की खुबे पुढे येतात आणि गुडघे पुन्हा किंचित वाकून बारखाली शिरतात. त्यानंतर पाय आणि खुबे एकदम झटक्याने सरळ होतात. गुडघ्यांचे हे दुसरे वाकणे मुद्दाम करायला जाऊ नये, बार जवळ ठेवून धीराने उभे राहिल्यास ते आपोआप घडते. या सगळ्यात हात म्हणजे केवळ दोर असतात. पाय सरळ होण्याआधी कोपर वाकले की पायांचा जोर बारपर्यंत पोहोचत नाही.

आपल्याकडील मुलांबाबत एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. तालमीत बैठका मारून आलेल्या मुलाच्या मांड्या दमदार असतात, पण तालमीतील बैठक टाचा उचलून चवड्यांवर मारली जाते, आणि भारोत्तोलनात टाच जमिनीवरून सुटणे म्हणजे बार पुढे जाणे. या मुलांना ताकद शिकवावी लागत नाही, टाच शिकवावी लागते. ज्यांना उकिडवे बसण्याची सवय आहे त्यांचे घोटे चांगले वाकतात आणि खोल बसणे त्यांना सहज जमते. खुर्चीवर वाढलेल्यांनी मात्र रोज पाच-दहा मिनिटे टाचा टेकवून उकिडवे बसण्याचा सराव स्वतंत्रपणे करावा.

चौथी पायरी: सरावाचा क्रम समजून घ्यावा

अनुभवी भारोत्तोलकाचा एका वेळचा सराव पाहिला, तर त्यात एक ठरलेला क्रम दिसतो. अंग मोकळे केल्यावर आधी स्नॅच किंवा तिचा एखादा प्रकार, नंतर क्लीन, जर्क किंवा दोन्ही, त्यानंतर पुल म्हणजे बार खेचण्याचे व्यायाम, मग स्क्वॉट म्हणजे बार घेऊन मारलेल्या बैठका, आणि शेवटी पाठ, पोट, खांदे यांचे छोटे व्यायाम. वेगाची आणि नेमकेपणाची कामे मज्जासंस्था ताजी असताना करावीत आणि केवळ जोराची कामे नंतर करावीत, एवढेच त्यामागचे कारण आहे. आधी स्क्वॉट मारून थकलेल्या पायांनी स्नॅच केली तर शरीर चुकीच्या हालचालीची उजळणी करते, आणि अशी उजळणी पुसायला पुढे महिने लागतात.

पाचवी पायरी: पूरक व्यायामांची कुटुंबे ओळखावीत

पूरक व्यायामांची नावे अनेक असली तरी त्यांची कुटुंबे मोजकीच आहेत, आणि एकदा कुटुंब ओळखले की नवे नाव ऐकूनही गोंधळ होत नाही.

पहिल्या कुटुंबात मुख्य उचलीचेच तुकडे येतात. मांडीपासून किंवा गुडघ्यापासून केलेली हँग स्नॅच आणि हँग क्लीन, लाकडी ठोकळ्यांवर बार ठेवून केलेली उचल, आणि पूर्ण खाली न बसता अर्ध्या बैठकीत बार पकडायची पॉवर स्नॅच व पॉवर क्लीन हे त्यातले प्रमुख प्रकार होत. पॉवर प्रकारात बार अधिक उंच न्यावा लागतो, म्हणून वजन पूर्ण उचलीपेक्षा कमी घ्यावे लागते, पण वेग शिकायला त्यासारखे साधन नाही. हँग प्रकारात जमिनीवरची गती मिळत नसल्याने छोट्या अंतरात जोर काढण्याची सवय लागते. नवोदितासाठी हे कुटुंब सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण यात पूरक व्यायाम आणि तंत्राचा सराव एकाच वेळी होतो.

दुसरे कुटुंब पुलचे. स्नॅच पुल आणि क्लीन पुल यांत बार उचलीप्रमाणेच खेचायचा, पण त्याखाली जायचे नसते. खाली जायचे नसल्याने उचलीच्या ९० ते ११० टक्के वजन वापरता येते. इथे मोह मोठा असतो, कारण वजन वाढवत गेले तरी बार वर येतच राहतो आणि आपण प्रगती करत आहोत असे वाटते. परंतु पुलमध्ये पाठीचा कल, बारची वाट आणि शेवटचा झटका हे तिन्ही खऱ्या उचलीसारखे राहिले तरच त्याचा उपयोग आहे. बार गुडघ्यांपाशी अडखळू लागला किंवा पाठ आडवी होऊ लागली, तर तो डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरून नुसते जड वजन उचलून उभे राहणे, झाला असे समजून वजन कमी करावे. माझ्या मते पहिल्या वर्षात १०० टक्क्यांच्या वर पुल करण्याची गरज कोणालाच नसते.

तिसरे कुटुंब स्क्वॉटचे, आणि त्याच्याविषयी कितीही लिहिले तरी थोडेच आहे. बार मानेमागे ठेवून केलेला बॅक स्क्वॉट एकूण बळ वाढवतो. बार खांद्यांच्या पुढच्या भागावर, कोपरे उंच ठेवून केलेला फ्रंट स्क्वॉट क्लीनमधून उठण्याची नेमकी तयारी करून घेतो. फ्रंट स्क्वॉटमध्ये फसवणूक करता येत नाही, कारण कंबर पुढे झुकली की कोपरे पडतात आणि बार घरंगळतो. म्हणूनच नवोदिताने दोन्हींपैकी एकच करायचा ठरवला तर फ्रंट स्क्वॉट निवडावा, असे मी सांगेन. खाली पूर्ण बसून दोन-तीन सेकंद थांबून उठण्याचा प्रकारही आठवड्यातून एकदा करावा, कारण क्लीनमध्ये बार खांद्यांवर आदळतो तेव्हा आपण नेमके त्याच तळाशी अडकलेले असतो.

चौथ्या कुटुंबात डोक्यावरची कामे येतात. पायांच्या झटक्याने बार वर ढकलून हातांनी पूर्ण करायचा पुश प्रेस, रॅकवरून बार घेऊन केलेली जर्क, रुंद पकडीने बार डोक्यावर धरून केलेला ओव्हरहेड स्क्वॉट, आणि मानेमागून बारखाली झटकन शिरून बसण्याचा स्नॅच बॅलन्स हे त्यातले मुख्य आहेत. स्नॅच बॅलन्समध्ये वजनापेक्षा धाडस शिकायचे असते. बार खाली येत असताना त्याच्याखाली जाणे हे माणसाच्या स्वभावाविरुद्ध आहे आणि ते हलक्या वजनावर शेकडो वेळा केल्याशिवाय अंगवळणी पडत नाही.

उरलेले छोटे व्यायाम, म्हणजे गुडघे किंचित वाकवून खुब्यातून झुकण्याचा रोमानियन डेडलिफ्ट, पाठीचे एक्स्टेंशन, पुल-अप, रोइंग, प्लँक, हे शरीर मजबूत ठेवतात. ते सरावाच्या शेवटी पंधरा-वीस मिनिटांत उरकावेत.

सहावी पायरी: दोष पाहून व्यायाम निवडावा

इथपर्यंत वाचून सगळेच व्यायाम करावेसे वाटणे स्वाभाविक आहे, आणि नेमके तेच टाळायचे आहे. एका वेळी एकच मुख्य दोष धरावा, त्यावर एक किंवा दोन पूरक व्यायाम ठेवावेत, आणि चार ते सहा आठवडे ते बदलू नयेत. दोष ओळखण्यासाठी मोबाइलवर बाजूने, कमरेच्या उंचीवरून चित्रीकरण करावे आणि हुकलेली उचल कशी हुकली ते पाहावे.

बार जमिनीवरून सुटताच नितंब आधी वर येत असतील आणि छाती खाली राहत असेल, तर मांड्या काम पाठीवर ढकलत आहेत असे समजावे. अशा वेळी गुडघ्यापाशी दोन सेकंद थांबून केलेला हलका पुल आणि फ्रंट स्क्वॉट ही जोडी उपयोगी पडते. उचल घेताना उडी पुढे पडत असेल, तर बहुधा बार शरीरापासून दूर गेलेला असतो. तिथे पाठीच्या रुंद स्नायूंनी बार जवळ ओढून ठेवण्याची सवय लावावी लागते, त्यासाठी स्नॅच पकडीचा रोमानियन डेडलिफ्ट आणि पाय जागेवरून न हलवता केलेली स्नॅच हे चांगले उपाय आहेत. बार पुरेसा उंच येतो पण आपण त्याखाली पोहोचत नाही, असे असेल तर आणखी जोराने खेचून काही साधत नाही. तिथे स्नॅच बॅलन्स हवा, आणि सरळ उभे राहून झटका न देता फक्त खाली शिरण्याचा हलका सराव हवा. क्लीन खांद्यांवर येते पण उठता येत नाही, याचे उत्तर फ्रंट स्क्वॉटमध्ये आहे. उठणे जमते आणि जर्क पुढे पडते, याचे कारण बहुतेकदा हातांत नसून पायांत असते: गुडघे वाकवताना छाती पुढे झुकते आणि भार चवड्यांवर जातो. त्यावर सरळ धडाने फक्त वाकून थांबण्याचा सराव आणि थांबून केलेली जर्क उपयोगी ठरते. डोक्यावर कोपर वाकून पुन्हा सरळ होत असेल, तर मात्र पुश प्रेस आणि जड बार डोक्यावर धरून उभे राहणे हा इलाज योग्य आहे.

चित्रीकरणाला आकड्यांची जोड द्यावी. सर्वसाधारण अंदाज असा की बॅक स्क्वॉट १०० किलो असेल तर फ्रंट स्क्वॉट ८५ च्या आसपास, क्लीन अँड जर्क ७५ ते ८० आणि स्नॅच ६० ते ६५ असावी. स्क्वॉट १२० किलोंचा आणि क्लीन अँड जर्क ७० ची असेल, तर आणखी स्क्वॉट वाढवण्यात वेळ घालवू नये; कमतरता तंत्रात आहे. उलट स्क्वॉट ९० आणि क्लीन अँड जर्क ७८ असेल, तर तंत्र चांगले आहे आणि पायांना काम द्यायला हवे.

या अंदाजांकडे नियम म्हणून मात्र पाहू नये. सिडनी ऑलिंपिकमध्ये २००० साली कर्णम मल्लेश्वरी यांनी ११० आणि १३० मिळून २४० किलो उचलले, म्हणजे त्यांची स्नॅच क्लीन अँड जर्कच्या ८५ टक्के होती. बर्मिंगहॅममध्ये १४३ आणि १७० किलो उचलून सुवर्णपदक मिळवणारे अचिंता शिउली यांचे प्रमाण ८४ टक्के होते. मीराबाईंचे टोकियोतील प्रमाण ७६ टक्के होते आणि पॅरिसला २०२४ मध्ये ८८ व १११ किलोंसह ते ७९ टक्क्यांपर्यंत पोहोचले. परंतु तिथे बेरीज १९९ झाली आणि त्या चौथ्या आल्या. प्रमाण सुधारले, बेरीज घटली. पदक बेरजेला मिळते, त्यामुळे कच्चा दुवा दुरुस्त करताना पक्का दुवा राखण्यासाठीही सरावात जागा ठेवावीच लागते, आणि अशी जागा ठेवायची तर पूरक व्यायामांची यादी आखूडच असावी लागते.

सातवी पायरी: आठवडा आखावा आणि प्रमाण ठरवावे

जगभरात याबाबत वेगवेगळे विचार झाले आहेत. सोव्हिएत प्रशिक्षकांनी पूरक व्यायामांचा मोठा संच वापरला आणि वर्षभराचे भार काळजीपूर्वक मोजले. बल्गेरियाच्या इव्हान अबाजिएव यांनी बहुतेक पूरक व्यायाम काढून टाकले आणि मुख्य उचली व फ्रंट स्क्वॉट रोज जवळजवळ कमाल वजनावर करून घेतले. चिनी संघ मुख्य उचलींसोबत पाठ आणि खांद्यांचे स्नायू घडवणारे भरपूर काम करतात. हे तिन्ही मार्ग दिवसभर सराव, विश्रांती आणि आहार एवढेच काम असलेल्या खेळाडूंसाठी आखलेले आहेत. शाळा, महाविद्यालय किंवा नोकरी सांभाळून संध्याकाळी दीड तास मिळणाऱ्याने त्यांची नक्कल करू नये.

नवोदितासाठी आठवड्यातून तीन दिवस पुरेसे आहेत. पहिल्या दिवशी गुडघ्यावरून हँग स्नॅचचे तीन-तीन आवर्तनांचे पाच सेट, त्यानंतर क्लीन पुलचे तीन आवर्तनांचे चार सेट आणि बॅक स्क्वॉटचे पाच आवर्तनांचे चार सेट करावेत. दुसऱ्या दिवशी पॉवर क्लीन आणि जर्क एकत्र, म्हणजे दोन क्लीन आणि एक जर्क असे पाच सेट, मग पुश प्रेस आणि फ्रंट स्क्वॉट प्रत्येकी तीन-चार आवर्तनांचे चार सेट ठेवावेत. तिसऱ्या दिवशी जमिनीवरून पूर्ण स्नॅचचे दोन-दोन आवर्तनांचे सहा सेट, एकेक आवर्तनाने क्लीन अँड जर्कचे सहा सेट आणि शेवटी स्नॅच पुल किंवा रोमानियन डेडलिफ्ट करावा. ज्याचा जो दोष असेल त्यानुसार यातील एखादा पूरक व्यायाम बदलावा. मुख्य उचली तशाच राहू द्याव्यात. जड सेटनंतर दोन ते तीन मिनिटे बसून घ्यावे.

एका दिवशी किती उचली कराव्यात, यासाठी सोव्हिएत प्रशिक्षक अलेक्झांडर प्रिलेपिन यांचा तक्ता अजूनही वापरला जातो. आपल्या कमाल वजनाच्या ७० ते ८० टक्क्यांवर एका व्यायामात एकूण १२ ते २४ आवर्तने व्हावीत आणि १८ हा चांगला मध्य मानावा. ८० ते ९० टक्क्यांवर १० ते २०, आणि ९० टक्क्यांच्या पुढे ४ ते १० आवर्तने पुरेत. पहिल्या वर्षी बहुतेक काम ७० ते ८० टक्क्यांमध्ये राहील असे पाहावे. एकाच वजनावर दोन उचली हुकल्या की त्या दिवशी वजन कमी करावे. सलग पाच-सहा वेळा हुकवत राहणाऱ्या मुलाची जिद्द पाहून कौतुक वाटते, पण तो त्या वेळात हुकवणेच शिकत असतो.

आठवी पायरी: बार टाकायला शिकावे आणि अंग सांभाळावे

उचल शिकण्याआधी बार टाकणे शिकवले जावे, असे मला ठामपणे वाटते. स्नॅच पुढे पडत असेल तर हात सरळ ठेवून बार पुढे ढकलावा आणि आपण मागे सरकावे. मागे पडत असेल तर बार मागे सोडून पुढे पाऊल टाकावे. कोपर वाकलेल्या हाताने बार वाचवण्याचा प्रयत्न कधीही करू नये. बर्मिंगहॅममध्ये संकेत सरगर यांचे कोपर क्लीन अँड जर्कच्या दुसऱ्या प्रयत्नात, १३९ किलोंवर दुखावले होते. इतक्या सरावाच्या खेळाडूचे असे होऊ शकते, तर नवोदिताने हे धोके हलके मानू नयेत.

मनगटाला गुंडाळायचे पट्टे, ज्यांना स्ट्रॅप म्हणतात, पुल करताना वापरायला हरकत नाही. क्लीन करताना मात्र ते कधीही वापरू नयेत, कारण बार सोडायची वेळ आली तर हात त्यात अडकून मनगट मोडू शकते. कंबरपट्टा पहिले काही महिने बाजूला ठेवावा, म्हणजे पोट आणि पाठ स्वतः ताठ राहायला शिकतात. स्नायू आंबणे आणि सांधा दुखणे यांत फरक करावा: आंबलेले अंग हलक्या सरावाने मोकळे होते, सांध्यातील टोचणारी कळ तशीच दाबून पुढे गेल्यास वाढते. डब्यातील पावडरी आणि गोळ्यांबाबत अधिकच सावध राहावे. हा खेळ उत्तेजकांच्या सेवनाने फार पोळला आहे, आणि डब्यावर न छापलेला घटक पोटात गेला तरी बंदी खेळाडूवरच येते. दूध, अंडी, डाळी, शेंगदाणे आणि आठ तासांची झोप यांवर पहिली दोन वर्षे निश्चितपणे निघतात.

नववी पायरी: स्पर्धेआधी पूरक व्यायाम काढून घ्यावेत

सहा महिन्यांनी किंवा वर्षाने जिल्हा पातळीवरची पहिली स्पर्धा समोर आली की आठवड्याची आखणी उलटी करावी. तीन आठवडे आधी छोटे व्यायाम निम्मे करावेत. दोन आठवडे आधी पुल आणि पुश प्रेस कमी करून फक्त स्नॅच, क्लीन अँड जर्क आणि फ्रंट स्क्वॉट ठेवावेत, आणि हँगऐवजी सगळ्या उचली जमिनीवरूनच कराव्यात. शेवटच्या आठवड्यात स्क्वॉटही हलके करून दोन वेळा ७० ते ८० टक्क्यांवर मुख्य उचली कराव्यात. स्पर्धेच्या आदल्या दिवशी अंग मोकळे करण्यापलीकडे काही करू नये.

पहिला प्रयत्न कितीचा ठेवावा हे सरावाच्या वहीतून ठरवावे. महिन्याभरात जे वजन वाईटात वाईट दिवशीही हुकले नाही, ते पहिल्या प्रयत्नासाठी लिहून द्यावे. बहुधा ते कमाल वजनाच्या ९० टक्क्यांच्या आसपास निघते. नाव पुकारल्यानंतर एका मिनिटाच्या आत बार जमिनीवरून सुटला पाहिजे, आणि आपलाच प्रयत्न लागोपाठ आला तर दोन मिनिटे मिळतात. ही वेळ घड्याळ लावून सरावाच्या शेवटच्या दोन आठवड्यांत घरच्या प्लॅटफॉर्मवर चार-पाच वेळा अनुभवून ठेवावी, आणि त्या वेळी शेजारी उभ्या असलेल्या सोबत्याला पंचासारखा हात वर करून, बार स्थिर झाल्यावरच खाली करण्याचा इशारा द्यायला सांगावे.